डाव्या हातानं दिलेली बोरं

मी पडदा बोलतोय. खिडकीचा नाही, दाराचा नाही, सिनेमाचा. पडदा म्हटलं की लोकांना झाकाझाकी आठवते, माझं काम मात्र दाखवण्याचं. आता माझ्या अंगावर डाग आहेत, एक कोपरा उंदरानं कुरतडलाय, काठाची काळी पट्टी विटून राखेच्या रंगाची झालीय. पण ज्यानं एके काळी अख्ख्या पंचक्रोशीला रडवलं, त्यानं म्हातारपणी थोडा तोरा मिरवला तर बिघडलं कुठं?

जालन्यात मस्तगड भागात एका शिंप्याच्या दुकानात मी जन्मलो. मांजरपाटाचे लांबलांब पट्टे जोडून मला शिवलं. माझे मालक राधेश्यामशेठ. त्यांची तंबूतली टॉकीज यात्रा-यात्रांतून फिरायची. शिंपी म्हणाला, "शेठ, कपडा लई पातळ घेतला तुम्ही. वाऱ्यानं फाटंल."

"पातळच पाहिजे मास्टर," शेठ म्हणाले. "बाया पलीकडून बघतेत. जाड कपडा लावला तर अर्धी पब्लिक अंधारात बसंल."

तसंच होतं ते. तंबूच्या बरोबर मध्ये मला टांगायचे. पुढं गडीमाणसं, मागं बायका. मशीनचा उजेड गड्यांच्या बाजूनं यायचा आणि माझ्यातून झिरपून बायकांपर्यंत पोचायचा. चित्र तिकडं जरा फिकं दिसे, आणि दिसे ते उलटं, आरशातल्यासारखं. उजवा हात डावा व्हायचा, पूर्वेची गाडी पश्चिमेला जायची. अक्षरंही उलटी दिसायची, पण त्या बाजूला बहुतेकींना सुलटी तरी कुठं वाचता येत होती? ज्या थोड्या पोरी शाळेत जात, त्यांना कुणी विचारलं नाही.

शेठना सिनेमे लागायचे ते प्रेमाचेच. म्हणायचे, "मारामारीला माणसं येतेत, प्रेमाला जोड्या येतेत." आणि खरंच जोड्या यायच्या. ट्रॅक्टरच्या एकाच ट्रॉलीतून उतरायच्या, एकमेकांकडं चोरून बघायच्या, आणि तंबूच्या दाराशी तो इकडं, ती तिकडं. जोडीनं बघायचा सिनेमा माझ्या दोन बाजूंना बसून बघायची तऱ्हा मी वर्षानुवर्षं पाहिली. हिरोईन रडली की मागच्या बाजूला मोकळेपणानं पदर डोळ्यांना लागायचे. पुढच्या बाजूला मात्र एकदम सगळ्यांना खोकला यायचा.

त्यातलेच भुजंगराव आणि चतुराबाई. वडीगोद्रीच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे. नवं लग्न, घरात खाऊन-पिऊन सुखी, पण थोरल्या भावासमोर बायकोशी दोन शब्द बोलायची चोरी. सिनेमाला मात्र सगळी ट्रॉली भरून यायची. चतुराबाई माझ्या अगदी जवळ, पुढच्या ओळीत बसायच्या. ते भुजंगरावांनी कधी हेरलं कोण जाणे, पण तेही आपल्या बाजूला माझ्या पायाशीच बसायला लागले. मान अवघडायची, तरी हलायचे नाहीत. दोघांच्या मध्ये फक्त मी. मला वाटायचं, उंदरानं कुरतडायचंच असेल तर आत्ता, इथंच कुरतडावं.

एका वर्षी बोरांचा सिनेमा लागला. शहरात निघालेला हिरो शेताच्या बांधावर हिरोईनीला ओंजळभर बोरं देतो, परत येईन म्हणतो, आणि शेवटी येतोही. लग्न होतं, फेरे होतात, तंबू खूश. खेळ सुटला, दिवे लागले. माणसं ट्रॉलीकडं चालली होती. गर्दीचा फायदा घेऊन भुजंगराव माझ्या कडेशी थांबले आणि बायकोला हळूच म्हणाले, "कसा वाटला पिक्चर?"

"चांगला व्हता," चतुराबाई म्हणाल्या. "पर ती पोरगी फसली."

"का गं?"

"त्यानं बोरं डाव्या हातानं दिली. आपल्या माणसाला डाव्या हातानं देतं का कुणी? अन् फेरेबी उलटेच घेतले."

"डाव्या? मी एवढा पुढं बसून बघून राह्यलो व्हतो. उजव्या हातानं दिली."

"डाव्या."

"उजव्या!"

बाई ठाम होत्या. डोळ्यांनी पाहिलेलं होतं ना. भुजंगरावांना हसू आवरेना. ते ट्रॉलीकडं तोंड करून ओरडले, "भाऊ, ऐकलं का? आमच्या हिला डावं-उजवं कळत न्हाई!"

सगळी ट्रॉली खदखदून हसली. चतुराबाईंनी पदर पुढं ओढला. चढता चढता मात्र त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग एकदा तुमच्या बाजूनं बघू द्या मला. कोण खरं ते कळंल."

"बाईमाणसानं गड्यांत बसायचं? भाऊ काय म्हणतील?"

"मंग तुम्ही या आमच्याकडं."

यावर तर ते पोट धरून हसले. माझ्या काळ्या काठाला वळसा घातला असता, तर बायको बोलते त्यात तथ्य आहे हे तिथंच कळलं असतं. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की बाबांनो, तुम्ही दोघंही खरे आहात. पण पडद्याला तोंड नसतं, दुसऱ्यांचीच तोंडं त्याच्यावर हलतात.

ती थट्टा चिकटली ती चिकटलीच. दुसऱ्या दिवशी सगळे तंबूत आले तेव्हा जावा तेच बोलत होत्या. पुढच्या यात्रेत वस्तीवरची पोरं म्हणत होती, "काकीला विचारू नका, काकीला डावं-उजवं कळत न्हाई." भुजंगराव काही वाईट माणूस नव्हते. त्या माउलीवर त्यांचा जीव होता, म्हणून तर मान मोडेस्तोवर माझ्या पायाशी बसायचे. पण थट्टा करणाऱ्याला ती सुपारीएवढी वाटते, आणि ज्याची होते त्याच्या गळ्यात दगड होऊन बसते. त्यानंतरही ते माझ्या कडेशी थांबून विचारायचे, "कसा वाटला पिक्चर?" चतुराबाई म्हणायच्या, "चांगला व्हता." बस. पुढं एक अक्षर नाही. घरात तर बोलायची सोयच नव्हती. बोलायची एवढी एक जागा होती, तीही गेली.

मग घरोघर टीव्ही आले, मागोमाग मोबाइल आले, आणि तंबूत कुत्रं फिरकेना. शेठनी सामान मोडीत काढलं. खांब कुणी नेले, खुर्च्या कुणी. मला न्यायला आले भुजंगराव. घरी सांगितलं, "तूर वाळवायला आणलाय कपडा." चतुराबाईंनी मला ओसरीत उलगडलं, काळ्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्यो तर आपला पडदा!" नवरा ओशाळून गोठ्याकडं गेला. तुरीसाठी कुणी मांजरपाट शोधत फिरत नाही, हे त्या बाईला कळत होतं.

नंतर माझ्यावर तूर वाळली, सोयाबीन वाळलं, एकदा बैलाचं शिंग लागून मी हातभर फाटलो. चतुराबाईंनी मला बारीक टाके घालून शिवलं. दर सुगीनंतर मोटारीच्या पाण्यात धुऊन, घडी करून लोखंडी पेटीत ठेवलं. थोरले भाऊ वेगळे निघाले, पोरगा कल्याण हाताशी आला, तेव्हा एकदा माझी घडी घालता घालता त्या म्हणाल्या, "आता तंबू न्हाई, भाऊ न्हाईत. पोराला सांगून ह्याच्यावर एखादा पिक्चर लावा की. दोघं एका बाजूला बसून बघू."

"बघू. एवढी मोसंबी उतरू दे."

मोसंबी उतरली. मग कापूस आला, मग कल्याणचं लग्न निघालं. भुजंगराव टाळत नव्हते, त्यांना खरंच वाटायचं की एकदा करू. माणसाचा 'बघू' हा असाच असतो. म्हणणारा विसरतो, ऐकणारा वाट बघतो.

गेल्या पौषात चतुराबाई गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. ओसरीत भेटायला आलेल्या बायकांपैकी कुणीतरी डोळे पुसत म्हणालं, "लई भोळी बाई. डावं-उजवं कळत नव्हतं बिचारीला." भुजंगरावही रडता रडता जरा हसले. पेटीत पडल्या पडल्या मी ऐकलं, आणि माझे टाके दुखले.

दीड-दोन महिन्यांमागची गोष्ट. कल्याण जालन्याहून एक छोटं यंत्र घेऊन आला. मोबाइल जोडला की भिंतीवर सिनेमा दिसतो. सून मोनिका मोबाइलवर शोधतच होती, नवरा-बायकोनं सोबत बघावेत असे प्रेमाचे सिनेमे कोणते म्हणून. भिंतीला पोपडे, चित्र नीट दिसेना. मग पेटीतून मी बाहेर आलो. दिवेलागणीला अंगणात, गोठा आणि लिंब यांच्या मध्ये मला बांधलं. किती वर्षांनी मी उभा राहिलो! मोनिका आणि कल्याण एकाच बाजेवर, एकच शाल पांघरून बसले. कुणाची चोरी नाही. बघून मला बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं.

"आबा, या ना," मोनिका म्हणाली. "तुमच्या टाइमचा कोणता लावू?"

भुजंगराव अवघडून दुसऱ्या बाजेवर बसले. म्हणाले, "असला तर त्यो बोरांचा लाव."

तो सापडला. बांध आला, हिरो आला, आणि तेवढ्यात माझ्या मागं गोठ्यात वासरू दाव्यात अडकून ओरडायला लागलं. भुजंगराव उठले, माझ्या काठाला वळसा घालून मागं आले, वासरू सोडवलं आणि वळले. वर पाहिलं. हिरो हिरोईनीला बोरं देत होता. डाव्या हातानं.

ते खिळल्यासारखे उभे राहिले.

"कल्याण, ते मागं घे रे. बोरं दिली तेवढं परत दाव."

कल्याणनं परत दाखवलं. ते पुढच्या बाजूला गेले, उजवा हात. माझ्या काठावरून परत मागं आले, डावा हात.

"आबा, तिकडून उलटं दिसतं," कल्याण हसून म्हणाला. "इकडं या, बराबर दिसंल."

"तुझी माय इथून बघायची," भुजंगराव म्हणाले. "आमच्या टाइमाला बाया इथं बसायच्या. डाव्याच हातानं दिली रे. ती बिलकुल बराबर बोलत व्हती. अन् मी सगळ्या ट्रॉलीसमोर हसलो तिला. जल्मभर हसलो."

मोनिकानं सिनेमा थांबवला. भुजंगराव तिथंच मातीत बसले, माझ्या पायाशी, जिथं चतुराबाई बसायच्या तशाच जागी. म्हणाले, "चालू दे पोरी. मला फेरे बघायचेत." फेरे आले, उलटे. आणि त्यांनी उपरण्याचा सोगा डोळ्यांना लावला. खोकल्याचं सोंग केलं नाही. माझ्या टाक्यांवर हात ठेवून ते फक्त म्हणाले, "पिक्चर कसा वाटला, म्हणून विचारत व्हतो. ऐकून मातर घेतलं न्हाई."

आता दर शनिवारी मला अंगणात बांधतात. पोरं पुढं बसतात. म्हातारा मागं येतो, चतुराबाईंचं बसकर घेऊन. ते शेजारी अंथरतो आणि आपण मातीत बसतो.

माझे फार दिवस राहिलेले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात हे शिवलेलं अंगही विरेल. जाता जाता एवढंच सांगतो. तुमचं माणूस म्हणालं की मला उलटं दिसलं, तर हसायच्या आधी उठा आणि एकदा त्याच्या बाजूला जाऊन बघा. फार लांब नसतं, माझ्या एका काठाला वळसा घातला की झालं. भुजंगरावांना तेवढं चालायला सगळा संसार लागला, आणि ते पोचले तेव्हा तिथं कुणी बसलेलं नव्हतं.