होम म्हणजे घर

बूट जरा बाजूला घ्या! मी होम प्लेट बोलतेय. पांढऱ्या रबराची, पाच कोनांची, धुळ्याच्या मैदानात मातीत बसवलेली. बेसबॉलमध्ये धावणारा तिन्ही टप्पे करून शेवटी माझ्यावर पाय टेकवतो, तेव्हाच धाव होते. पहिल्याच दिवशी हेमराज सर म्हणाले होते, "होम म्हणजे घर." ऐकून मी सुखावले होते.

सर हौशी पंचांना शिकवत होते. फळा नाही की भाषण नाही. तोंडाला जाळी बांधायची, माझ्यामागे वाकून उभं राहायचं आणि निकाल द्यायचा. मला पुसायला प्रत्येकाला ब्रश दिला होता, पण हे गडी बुटानंच माती उडवायचे. एकटी दिपमाला वाकून मला ब्रशनं स्वच्छ करायची. रविवारच्या सामन्यात तिला माझ्यामागे उभं राहायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं बिचारीचं.

तिची पाळी आली आणि सरावासाठी धावत कोण आलं? तिचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, प्रेमराज! तेही सरांकडे पंचगिरी शिकत होते. त्यांच्यासमोर घरात तिनं कधी मान वर केली नव्हती. ते धूळ उडवत घसरत आले, पण वीतभर अलीकडेच कॅचरनं, म्हणजे माझ्यापाशी चेंडू झेलणाऱ्या गड्यानं, त्यांना चेंडू लावला, म्हणजे बाद. माझ्यावर पाय पडलाच नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

दिपमालाचा हात सवयीनं पदर सावरायला गेला. पदर कुठला, हाताला जाळी लागली!

"जेठजी... तुम्ही आउट शेतस," ती पुटपुटली.

सगळे खो खो हसले. प्रेमराज कपडे झटकत म्हणाले, "मी सेफ शे! बायास्नी घर सांभाळानं, हाई त्यास्नं काम नही."

मग मात्र तिनं जाळी काढली, मूठ उगारली आणि अशी ओरडली, "आउट!", की कडेच्या लिंबावरचे कावळे उडाले.

सरांनी मान डोलावली. निकाल बरोबर होता. पण निघताना म्हणतात कसे, "दिपमालाताई, घरात वाद नको. रविवारी प्लेटवर प्रेमराजभाऊ राहतील. तुम्ही धावफलक बघा."

चोर सोडून संन्याशाला फाशी! असा संताप झाला माझा!

आज रविवार. प्रेमराज माझ्यावर बूट घासून उभे आहेत. तिकडे धावफलकापाशी दिपमाला ब्रश मुठीत धरून बसली आहे.

अहो, बाईनं घर सांभाळावं, हे तुमचंच म्हणणं ना? मग मीही घरच आहे. सांभाळू द्या की तिला!