नाव न घेता वाढलेलं ताट

वर्धेकडे आष्टीला सुरभीच्या घरी कांदे ठेवायची खोली होती, ती या अख्ख्या घरापेक्षा मोठी होती. जपानात, टोकियोपासून तासाभरावर तिनं भाड्यानं घेतलेलं हे घर म्हणजे एक खोली, तिच्याच कोपऱ्यात शेगडी आणि कपाट म्हणावं एवढी न्हाणी. हात लांबवला की खिडकी, पाय लांबवले की दार. भाडं मात्र आजूबाजूच्या घरांच्या निम्मं. असं का, तेही दलालबाईनं मान खाली घालून आधीच सांगितलं होतं. आधीचा भाडेकरू, एक म्हातारा, इथेच एकटा वारला होता आणि बऱ्याच दिवसांनी लोकांना कळलं होतं.

"मरण कोणत्या घरात होत नाही?" असं म्हणून सुरभीनं सही केली. वर्धेला नर्सिंग शिकून ती इथल्या वृद्धाश्रमात लागली होती. म्हातारी माणसं आणि त्यांची मरणं हे तिचं रोजचंच काम. मेलेल्यांपेक्षा जित्यांना भ्यावं, असं तिचे बाबा, रूपराव, म्हणायचे. तेच बाबा जानेवारीत गेले. नोकरी नवी होती, सुटी मिळाली नाही आणि ती गावी गेली नाही. शेवटी शेवटी ते 'सुरभी आली का' एवढंच विचारत होते, असं आईनं फोनवर सांगितलं. ते वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं, ते काही केल्या उतरेना.

त्यात या घरानं आणखी एक सोबत दिली. रात्रपाळी करून ती सकाळी येऊन झोपे. दुपारी जाग आली की खिडकीचा पडदा वीतभर सरकलेला असे. ओढून घ्यावा, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधी खिडकीपाशी चटईवर कुणी जपून टेकल्यासारखा आवाज येई. शेवटी तिनं शेजारच्या म्हातारीला विचारलं. म्हातारीनं आधी कोणता कचरा कोणत्या वारी ठेवायचा ते पुन्हा एकदा समजावलं आणि मग म्हणाली, "तो तिथेच बसायचा. मुलीची वाट बघत. ती दर नव्या वर्षाला फोन करून सांगायची, यंदा येते."

सुरभीला परत त्या खोलीत पाऊल टाकवेना. पण जाणार कुठे? परवडणाऱ्या भाड्यात भूत काय नि देव काय, असं मनाला बजावून ती राहिली.

वैशाखात आखजी आली. वर्धेकडे अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसांना जेवू घालतात. पान वाढायचं, हाक मारायची, कावळा शिवला की माणूस जेवला आणि मग घरच्यांनी जेवायचं. बाबांची ही पहिली आखजी. हाक मारायचं काम मुलाचं. आष्टीला ते तिचा भाऊ सचिन करणार होता. पण सुरभीनं इथेही ताट वाढलं. मुलीला जाता आलं नाही, तर बापानं मुलीकडे यावं, एवढंच तिचं मागणं होतं. आणि कावळ्यांना इथे काय तोटा? त्यांच्याच पायी कचऱ्यावर जाळी टाकावी लागते.

कढी, भात आणि वडे वाढून तिनं ताट खिडकीत ठेवलं. हात जोडून म्हणाली, "बाबा, जेवाले या." वाढल्या पानाकडे टक लावून बघायचं नसतं, म्हणून ती न्हाणीत जाऊन उभी राहिली.

परत आली तेव्हा कावळे समोरच्या तारेवर तसेच बसून होते. एकही खाली उतरला नव्हता. ताटातला कढीभात मात्र संपला होता. उरलेली शितं काठाशी दाबलेली होती. एक वडा चोखून ओला झालेला, पुन्हा जागेवर ठेवलेला. दात नसलेलं माणूस असं जेवतं, हे ती रोज बघत होती. तिचे बाबा ऊस दातांनी सोलायचे. त्यांनी आधी वडेच संपवले असते.

तेव्हा तिला आपली चूक कळली. हाक मारणारा मुलगा गेलेल्याचं नाव घेतो, त्याच्या बापाचं नाव घेतो, गाव सांगतो. तिनं, घरच्या पोरीनं, अशी हाक कधी मारलीच नव्हती. ती नुसतं बाबा म्हणाली होती. आणि मुलीच्या हाकेची वाट बघणारा एक बाप या घरात आधीपासून बसलेला होता.

"ते माह्या बाबाचं ताट होतं," ती रिकाम्या चटईवर ओरडली आणि मग रडत बसली.

दुपार कलली तेव्हा आष्टीहून फोन आला. आई, विमलाबाई, रडकुंडीला आली होती.

"सुरभी, कावळा शिवून नाई राह्यला वो. सचिननं सारं म्हटलं. वावर विकत नाई म्हटलं, आईले पाहीन म्हटलं. कावळे झाडावर बसून नुसते पाहून राह्यले. तुह्या बाबाचा जीव तुह्यात अटकला. तू बोल. येते म्हण."

सचिननं फोन पत्रावळीजवळ धरला. 'येते' हा शब्द सुरभीच्या ओठांवर आलाही होता. तेवढ्यानं सगळ्यांचं भागलं असतं. पण खिडकीशी चटई दबल्याचा आवाज झाला. तिथेही कुणी कान देऊन ऐकत होतं आणि त्यानं हा शब्द दर वर्षी ऐकला होता. तिची जीभ उचलेना.

"बाबा," ती म्हणाली, "यंदा माह्यं येनं होत नाई. पुढचं मले मालूम नाई. माही वाट नका पाहू. जेवून घ्या."

पलीकडून पंखांची फडफड ऐकू आली.

"शिवला," सचिन म्हणाला. "आई, शिवला."

"आयकलं पोरीचं," विमलाबाई रडत म्हणाली. "सुटले बिचारे. तूबी जेवजो वो."

सुरभीनं फोन ठेवला. जन्मात कुणाचं न ऐकलेल्या बाबांनी तिचं एका बोलात ऐकलं होतं. जानेवारीत ते मेले, ते तिच्यासाठी आत्ता मेले. आता आष्टीच्या वाटेकडे डोळे लावून 'सुरभी आली का' असं कुणी विचारणार नव्हतं. ते वाक्य उतरावं म्हणून ती इतके महिने धडपडली आणि उतरल्यावर तिला ते परत हवं होतं.

ती खिडकीकडे वळली. तिथली चटई अजून दबलेलीच होती. हेच या म्हाताऱ्यालाही सांगायचं होतं. तुमची मुलगी येत नाही, वाट नका पाहू, जा. एवढं जपानी तिला येत होतं. एका वाक्यात घर मोकळं झालं असतं. ती चटईपाशी जाऊन बसली, तोंड उघडलं आणि तिला ते वाक्य बोलवेना. हाही गेला, तर तिच्या पावलांची चाहूल घेणारं या जगात कोण उरणार होतं?

म्हाताऱ्यानं चोखलेला वडा तिनं ताटातून उचलला.

"बसा," ती त्याला म्हणाली. "उद्या भात अजून मऊ करते."