सर्वांत निरोगी गाव

"या लतीफ! देवा रे, हिला माझा दुखरा गुडघासुद्धा ठाऊक!" म्हातारी मबरूका ओरडली आणि ऐन सलमा गावच्या नगरपालिकेचं खचाखच भरलेलं सभागृह थक्क झालं.

पडद्यावरून राजधानीहून आलेली बसीरा बोलत होती. आवाज बाईचा, पण बाई नव्हे. सरकारचं नवं अकलेचं यंत्र. ओळखपत्र टेकवलं की नाव, शेळ्या, दुखणी, सगळं घडाघडा सांगायची. शेजारी कडक सुटातले, मंत्रालयाचे निझारसाहेब.

"बसीरा झोपत नाही, लाच खात नाही, कुणाची भाची नाही!" साहेब गरजले. "हिला तुमच्या पोटातलंही कळतं. आता ही सांगेल, डायलिसिसचं केंद्र कुठल्या गावाला द्यायचं!"

दवाखान्याच्या डॉक्टर एम्ना भिंतीला टेकून ऐकत होत्या. गुडघ्याचं त्यांना काही नवल वाटलं नाही. उन्हाळ्यात सरकारी पाहणीची मुलगी घरोघर चहा पीत हेच सगळं विचारून गेली होती. लोकांनी सांगितलेलं लोकांनाच परत ऐकवलं जात होतं. एम्नांचा जीव अडकला होता तो केंद्रात. मबरूकाचा नवरा सालेम दिवसाआड भाजीच्या गाडीतून घाट ओलांडून शेजारच्या जिल्ह्यातल्या धर्मादाय रुग्णालयात रक्त साफ करून घ्यायला जायचा. बर्फ पडलं की घाट बंद.

"अभिनंदन!" बसीरा म्हणाली. "ऐन सलमा जिल्ह्यातलं सर्वांत निरोगी गाव. मूत्रपिंडाचा रुग्ण एकही नाही. केंद्र शहराला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी ललकाऱ्या दिल्या. सालेमही टाळ्या वाजवत होता.

एम्ना तडक पुढे गेल्या. गर्दीत वारलेल्या हादीचा भाऊ होता; मृत्यूच्या दाखल्यासाठी तो अजून हादीचं ओळखपत्र खिशात घेऊन कचेऱ्या झिजवत होता.

"टेकव ते."

"अहो डॉक्टर, पण हादी तर..."

"टेकव रे."

"स्वागत, हादी! तब्येत उत्तम. वर्षभरात एकदाही रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही."

हादीला मार्चमध्ये याच लोकांनी खांदा दिला होता.

"मेलेला माणूस रुग्णालयात जात नाही, म्हणून हिच्या लेखी तो ठणठणीत," एम्ना म्हणाल्या. "रुग्ण मोजायला हिला फक्त मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या नोंदी दिल्यात; घरोघर विचारलेलं त्यात धरत नाहीत. आपण तिथवर पोचतच नाही. माझ्या दवाखान्यातलं सगळं कागदावर, ते कुणी मागितलंच नाही. धर्मादायवाले आणि सरकार एकमेकांना काही कळवत नाहीत. शहरात रुग्णालय आहे म्हणून तिथले आजारी दिसतात, आणि दिसतात म्हणून केंद्रही तिथेच!"

"माहिती सुधारली जाईल," निझार वायर गुंडाळत म्हणाले.

"आणि केंद्र?"

"निर्णय यंत्राचा आहे, बाई. मी काय करणार?"

"यंत्र सही करतं का हो? सही कुणाची?"

साहेबांनी गाडीची किल्ली शोधायला घेतली.

एम्नांना वाटलं, आता लोक खवळतील. पण कुणीतरी म्हणालं, "हादीचं कार्ड जुनं असेल. माझ्या शेळ्या तर तिनं बरोब्बर सांगितल्या!" माना डोलल्या. एम्नांनी मंत्रालयात तक्रार केली. उत्तर आलं: तक्रार बसीरानं तपासली, चूक आढळली नाही.

जानेवारीत घाट बंद पडला. बर्फ वितळायच्या आत सालेम गेला.

"मुली, ती खोटं बोलली का गं?" मबरूकानं विचारलं. समोरच्या थाळीतला कुसकुस तसाच होता.

"नाही, खाला. तिला आपल्या रुग्णांबद्दल सांगितलंच नव्हतं. जे सांगितलं नाही ते नाहीच, असं ठरवणारी माणसं होती." एम्ना ओसरीवर बसलेल्यांकडे वळल्या. "यंत्र वाईट नाही. नोंदी नीट जोडल्या असत्या तर तेच सालेमसाठी भांडलं असतं. पण ते काही बोललं की आधी विचारा: याला हे कुणी सांगितलं? काय सांगायचं राहिलं? आणि चुकलं तर जाब कुणाला विचारायचा? ज्याला जाब विचारता येत नाही, त्याच्यापुढे मान तुकवू नका."

मग पलीकडच्या गावाहून सांत्वनाला आलेला एक शेतकरी संकोचत पुढे सरकला.

"डॉक्टरबाई, पुढच्या आठवड्यात बसीरा आमच्याकडे येतेय म्हणे. ओळखपत्र मूळच लागतं, की प्रत चालेल?"

एम्नांनी त्याला जवळ बसवलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.