दोनावरचं बटण

पहिल्या गाण्यापासून मला माझ्या नवऱ्याची, रॉयसची गिटार ऐकूच येत नव्हती. दिसत सगळं होतं. त्याचा उजवा हात तारांवर सपासप चालत होता, हॅट घामानं कपाळाला चिकटली होती. पण कानावर येत होते ते फक्त ओडेलचे ड्रम, ट्वायलाचा बेस आणि तिचाच खरखरीत गळा.

आमच्या लेकीला, डेलाला मांडीवर घेऊन मी दाराजवळच्या टेबलाशी बसले होते. तिच्या कानांवर मी रॉयसचे तेलविहिरीवरचे कानझाके चढवले होते आणि ते सारखे घसरत होते. रविवारी दुपारी आमच्याकडच्या बारमध्ये पोरंबाळं चालतात. लोक चर्चमधून परस्पर येतात, धुरावर भाजलेलं ब्रिस्केटचं मांस खातात, नाचतात. मी मात्र नाचणाऱ्यांकडे बघत नव्हते. मी ट्वायलाकडे बघत होते.

‘काटेरी तार’ हा बँड आमच्या लग्नाच्याही आधीचा. गुराख्यांची जुनी रडकी गाणी हे तिघं अशी पळवतात, जणू मागे कुत्रं लागलंय. याला काउपंक म्हणतात. माझी आई याला गोंगाट म्हणते. पण आठवडाभर तेलाचे पंप दुरुस्त करणारा रॉयस या गोंगाटावर जगतो हे मला माहीत होतं. बँड सुटला, तर मागे जो माणूस उरेल त्याची मला भीती वाटत होती.

आणि बँड सुटण्याची लक्षणं मला दिसत होती. ट्वायलाचा मावसभाऊ लबक शहरातून इथे राहायला आला होता. तो गिटार फार छान वाजवतो, हे ती माझ्यासमोर एकदा नाही, अनेकदा बोलली होती. रॉयसचंही काही खरं नव्हतं. डेलाच्या झबल्याची बटणं लाव म्हटलं की त्याला हमखास बाहेरचं काम आठवायचं. दुधाची बाटली त्याच्या हातून निसटायची. वसंतात पंपाच्या पट्ट्यात त्याचा हात सापडला होता, पण तो तर केव्हाच बरा झाला, असं तोच म्हणाला होता. मग हे काय? मी गुपचूप त्याच्या तोंडाचा वास घेतला. पिकअपच्या सीटखाली हात घालून दारूची बाटली शोधली. काही सापडलं नाही, तेव्हा तर माझा संशय आणखीच वाढला. कॉलेजात मी मानसशास्त्र घेतलं होतं. त्याचा उपयोग एवढाच, की प्रत्येक संशयाला मला एक भारदस्त नाव देता येतं.

मध्यंतरात तिघं मागच्या अंगणात गेले. मी डेलाला कडेवर घेऊन स्टेजवर चढले आणि रॉयसचा अ‍ॅम्प वाकून पाहिला. गिटारचा आवाज निघतो तो याच पेटीतून. घरी गॅरेजमध्ये तिचं बटण नेहमी सातावर असायचं, आमच्या खिडक्या थरथरायच्या. इथे ते दोनावर होतं.

“काय शोधतेस गं?”

ट्वायला पाणी न्यायला परत आली होती.

“रॉयस ऐकू येत नाही,” मी म्हणाले.

तिनं पाण्याची बाटली उचलली. “तू दाराशी बसतेस ना. तिथे कुणीच धड ऐकू येत नाही.” मग डेलाचा गाल ओढून ती निघून गेली.

खोटं बोलणारा माणूस मला लगेच कळतो. तिची पाठ वळताच मी बटण सातावर नेलं.

पुढचं गाणं त्यांचं सगळ्यात वेगवान. रॉयसनं पहिला फटका मारला आणि दचकून मागे पाहिलं. भिंतीवरच्या शिंगांपर्यंत आवाज गेला होता. पण गाणं उधळलं होतं, हात मोकळा करून बटणापर्यंत जायला सवड नव्हती. मग त्याचा एकट्याचा तुकडा आला.

एक सूर आला, दुसरा आलाच नाही. तिसरा लाकडावर ठोकल्यासारखा वाजला. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तारेवर पडत होती आणि तिथेच मेल्यासारखी राहत होती. बारपाशी कुणीतरी शीळ घातली. “रॉयस, लेका, हातमोजे काढ की,” एकजण ओरडला आणि टेबलं हसली. ओडेल ड्रम बडवायला लागला, फुटतील असे. ट्वायला सरकत सरकत येऊन अ‍ॅम्पच्या पुढ्यात उभी राहिली, पाय रोवून, आवाज अंगावर घेत. तेव्हा मला कळलं, की इतके दिवस हे दोघं त्याला झाकत होते.

गाणं संपलं. रॉयसनं बटणाला हात लावला नाही. त्यानं पट्टा डोक्यावरून काढला, गिटार स्टँडवर ठेवली आणि ट्वायलाच्या कानात काहीतरी सांगितलं. तिनं नकारार्थी मान हलवली. तो पुन्हा बोलला. तिनं तोंड फिरवलं, डोळे पुसले आणि बेसवर एक संथ चाल धरली. गिटारवाचून.

तो खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला.

“तू वाढवलास?”

“हो.”

“मला वाटलंच.” तो रागावलेला नव्हता, आणि तेच मला सोसेना. “दोन बोटं गेलीत, जॅनेल. पट्ट्यात सापडली तेव्हापासून. तिथे काही कळतच नाही.”

“आणि मला नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू झोपली असतीस?”

त्यानं सांगितलं, की आवाज दोनावर ठेवून उभं राहायची कल्पना ट्वायलाची होती. बोटं परत येईपर्यंत. डॉक्टरच्या मते ती येण्यातली नाहीत. मावसभाऊ पुढच्या रविवारपासून वाजवेल. हे आत्ता त्यानंच वर तिला सांगितलं होतं. ती नको म्हणत होती.

“चल,” तो म्हणाला. “कधी नव्हे तो मी गाण्याच्या वेळी मोकळा आहे.”

लोक जोड्या करून टू-स्टेपचा नाच धरत होते. मी डेलाला डाव्या हातावर घेतलं. त्यानं उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि डाव्या हातात माझा हात घेतला. आम्ही सावकाश फिरू लागलो. तीन बोटांनी माझा हात घट्ट धरला होता. उरलेली दोन नुसती टेकलेली होती, गार. त्याला कळणार नाही हे माहीत असूनही मी माझी बोटं त्यांच्यावर मिटली.