फक्त नातेवाईक

चित्रपटात कंपाउंडर मेली, तेव्हा खरी कंपाउंडर तिसऱ्या रांगेत खोकल्याची गोळी चघळत बसली होती. शेजारी मावशी. आजूबाजूला लोक नाकं ओढत होते. पडद्यावर हॉस्पिटलचं बंद दार, दाराबाहेर राखाडी शाल घेतलेली बाई आणि आतून नर्सचा आवाज : फक्त नातेवाईक. चित्रपटाचं नावही तेच.

"मी जन्मात कधी शाल घेतली नाही," मावशी म्हणाली.

"मी मेले त्याचं काही नाही. हिला शालीची पडलीय."

मागच्या रांगेतून कुणीतरी दोघींना गप्प केलं.

चित्रपट मावशीच्या भाच्याचा होता, सख्ख्या बहिणीच्या मुलाचा. मावशीचं चष्म्यांचं दुकान. त्याच रस्त्यावरच्या दवाखान्यात कंपाउंडर औषधं बांधून द्यायची. डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, नाव मात्र तिला चिकटलं ते चिकटलंच. दोघी एका घरात राहू लागल्या तेव्हा भाच्याचा जन्मही झाला नव्हता. ही मावशीची नक्की कोण, असं एखाद्या पाहुण्यानं विचारलं, की घरातल्या सगळ्यांना एकदम चहा टाकायचं आठवायचं. भाचा मावशीला मावशी म्हणे आणि कंपाउंडरला कंपाउंडर.

मागच्या वर्षी त्यानं याच एलजीबीटीक्यू महोत्सवाला एक छोटा चित्रपट पाठवला होता. त्यात दोन म्हाताऱ्या रात्री खिडकी उघडी ठेवायची की लावायची यावरून भांडतात, आणि भांडता भांडता झोपी जातात. निवड समितीनं कळवलं : गोड आहे, पण संघर्ष कुठे आहे? भाच्यानं मनावर घेतलं. या वर्षी त्यानं कंपाउंडरला मारलं.

एकटी तीच नव्हती मेली. दुपारपासून दोघींनी जेवढे चित्रपट पाहिले, त्यांत एका पोरानं नदी जवळ केली, एका मुलीला घरच्यांनी गाडीत बसवून कुठेतरी पाठवून दिलं आणि एक मध्यमवयीन गृहस्थ नुसतेच समुद्राकडे पाहत राहिले. समुद्र बराच वेळ चालला.

"यांच्या घरात भांडी कोण घासतं?" कंपाउंडरनं विचारलं.

दोघी चित्रपटांसाठी आल्याच नव्हत्या. येत्या मंगळवारी कंपाउंडरच्या हृदयाची झडप बदलायची होती. हॉस्पिटलनं सांगितलं होतं, भरती करताना आणि ऑपरेशन संपेपर्यंत जवळचं कुणी नातेवाईक हवं. कंपाउंडरच्या भावाला फोन केला, तर त्यानं आवाज ओळखून ठेवून दिला. मावशीच्या बहिणीचे गुडघे असल्या कामाच्या वेळी नेमके धरायचे. राहिला भाचा. तो महोत्सवाच्या धावपळीत फोन उचलत नव्हता, म्हणून दोघींनी तिकिटं काढली.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. भाचा मंचावर आला, सोबत शालवाली नटी. तिचे डोळे अजून सुजलेले होते.

"ही गोष्ट तुम्हाला कुठे मिळाली?" निवेदकानं विचारलं.

"घरात," भाचा म्हणाला. "माझ्या दोन मावश्या. दोघींनी आयुष्यभर जे सोसलं..."

मावशीनं कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडरनं गोळी गालात सरकवली आणि हात वर केला. माइक तिच्यापर्यंत आला.

"मी ती मेलेली," ती म्हणाली.

सभागृह आधी हसलं, मग उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. तिनं टाळ्या संपू दिल्या. गर्दीच्या दवाखान्यात काम केलेल्या माणसाला थांबता येतं.

"आत्ता दोन मावश्या म्हणालास ना? मला आजवर कधी म्हणाला नव्हतास. बरं वाटलं. आता मंगळवारी सकाळी हॉस्पिटलात येऊन हेच एकदा काउंटरवर म्हण. मग जा कुठे जायचं तिकडे."

लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. भाचा हसला, हात जोडले आणि पुढचा प्रश्न घेतला.

बाहेर, पोस्टरांच्या भिंतीपाशी, त्यानं दोघींना गाठलं.

"मावशी, मंगळवारी मी परदेशात आहे गं. तिथल्या महोत्सवात आपला चित्रपट स्पर्धेत आहे. तारीख पुढे नाही का ढकलता येणार?"

"कुणाची? झडपेची?" मावशी म्हणाली.

"तसं नाही..."

"जा रे तू," कंपाउंडर म्हणाली. "तिकडे माझ्या मरणाचं कौतुक आहे. इथे नुसतं ऑपरेशन."

नटी शेजारीच उभी होती. शूटिंगआधी मावशीला भेटायची तिची फार इच्छा होती, पण भाच्यानं भेटू दिलं नव्हतं. नक्कल नको, सत्य हवं, असं त्याचं म्हणणं.

"मी आले तर चालेल?" तिनं विचारलं. "भाची म्हणून."

मावशीनं गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसते का पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं.

"तू रडतेस फार."

"ते पैसे मिळतात म्हणून."

"मग ये."

मंगळवारी नटी वेळेआधी हजर होती. वाटेत तिनं भांडणाची तयारी केली होती. चित्रपटातल्या काउंटरवरच्या बाईनं तिला तीनदा हाकललं होतं, त्यामुळे काय काय ऐकावं लागेल हे तिला पाठ होतं.

खऱ्या काउंटरवरच्या बाईनं मान वर केली नाही.

"पेशंटचं कोण?"

"भाची! आणि मी तुम्हाला स्पष्ट सांगते, मला कुणी अडवायचं नाही..."

"हळू बोला, पेशंट झोपलेत. हा पास. आत एकच जण. फोन बंद ठेवा."

नटीच्या तोंडातली पुढची सगळी वाक्यं वाया गेली. तिनं पास हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि मावशीच्या गळ्यात अडकवला. मावशीनं चष्मा पुसला, परत लावला आणि कंपाउंडरच्या चाकांच्या खुर्चीमागून आत गेली. दार लागलं.

दुपारी काउंटरवरच्या बाईला जेवायला जाताना नटी दाराबाहेर उभी दिसली.

"अहो, भाची ना तुम्ही? बाकं आहेत तिकडे. इथे का उभ्या?"

"सवय आहे."

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, सगळं ठीक झालं. त्याच सुमारास भाच्याचा नटीला संदेश आला : पहिलं बक्षीस! परीक्षकांना शेवट फार आवडला. मावशीला सांग.

कंपाउंडरला अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत हलवलं, त्या दिवशी नटीनं बक्षिसाची बातमी सांगितली.

"कशाबद्दल?" कंपाउंडरनं विचारलं. आवाज अजून कागदासारखा होता.

"तू मेलीस त्याबद्दल," मावशी म्हणाली.

"छान. आता ती खिडकी लाव. वारा येतोय."

"येऊ दे. औषधांच्या वासानं माझं डोकं उठलंय."

"पेशंट कोण आहे इथे?"

"आणि पास कुणाच्या गळ्यात आहे?"

नटी खिडकीशी गेली, अर्धी लावली. दोघी एकदमच तिच्यावर ओरडल्या.