न दुखणारा डाग

मित्रांनो, काजूगर तुम्ही मिटक्या मारत खाता; पण तो टरफलातून सोडवणाऱ्या म्हाताऱ्याची आठवण कुणाला येते? मी काजूच्या बिया फोडणारा लोखंडी कटर. गुहागरजवळच्या एका शेडमध्ये पंधरा वर्षं राबतो आहे. बी फुटली की टरफलातलं तेल उडतं आणि कातडी जाळतं. भाजलेल्या कातडीची साल निघाली की खाली फिकट डाग उरतो. इथल्या बायांच्या हातांवर असे डाग असायचेच.

माझ्यावर आधी सोनूबाई बसायची, आता तिची सून दर्शना बसते. हात इतका चपळ, की मालकही वाहवा करायचे. एके दिवशी माझं पातं तिच्या करंगळीला लागलं. एरवी बाया "आई गं!" ओरडून मला शिव्या घालतात. ही मात्र गुणगुणतच राहिली! बीला लागलेलं रक्त दिसलं, तेव्हा कुठे तिला कळलं. माझ्या काळजात धस्स झालं. लोखंडाला कसलं काळीज म्हणाल, पण झालं खरं.

तिच्या मनगटाजवळ फिकट चट्टा होता.

"दुखतो काय गो?" सोनूबाईनं विचारलं.

"नाय ओ, आये."

"मग तेलाचाच डाग. दुखत नाय, तर कसला घोर?"

अरे देवा! दुखत नव्हतं हेच तर वाईट होतं. दोन महिन्यांत तिच्या बोटांतून बिया निसटू लागल्या. हिचा हात जाणार, या भीतीनं मी मुद्दाम अडून बसलो. त्यांनी मला वंगण घातलं आणि पुन्हा कामाला जुंपलं.

मग गावची आशा-सेविका तेजस्वी अंगावरचे डाग तपासायला आली. "आमचे सगळ्यांचेच हात डागाळलेले, काय बघशील?" सोनूबाई हसली.

"डोळे मिटा. पेनाचं टोक लागेल तिथं बोट ठेवा."

सोनूबाईनं आपल्या सगळ्या डागांवर अचूक बोट ठेवलं. मग दर्शनानं डोळे मिटले. तेजस्वीनं चट्ट्यावर टोक टेकवलं. एकदा, दोनदा, तीनदा. शेडमधले सगळे कटर थांबले.

"लाव की गो लवकर," दर्शना म्हणाली, "किती वेळ डोळे मिटू?"

सोनूबाईनं तोंडाला पदर लावला.

सरकारी डॉक्टरांनी तो बधिर चट्टा तपासून कुष्ठरोगाचं निदान केलं. औषध फुकट आहे, आजार बरा होतो, पण आणखी उशीर झाला असता तर बोटं वाकडी झाली असती, असं ते म्हणाले. दर्शना नेमानं गोळ्या घेते. करंगळी अजून बधिरच आहे.

मित्रांनो, मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, पण बोलायला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.