फक्त खालचा आकडा

सकाळी नऊ वाजता झेली शेरामीचा अहवाल तिच्याकडे परत आला. दोनशे बारा पानांत खोडाखोड एकाच परिच्छेदात होती.

झेलीने लिहिलं होतं, "तेल, वायू आणि कोळसा जाळल्यामुळे समुद्र चढतो आहे, त्यात इथली जमीन खचते आहे. पुढच्या तीस वर्षांत लुईझियानाच्या या किनाऱ्यावर पाणी एक ते अडीच फूट वाढेल. बहुधा दोन फुटांच्या आसपास." खोडून उरलं होतं ते एवढंच : "पाणी किमान एक फूट वाढेल."

ती तडक रसेल हॅलोरन यांच्या खोलीत गेली. ते अमेरिकेतल्या या राज्याच्या किनारा संशोधन केंद्राचे संचालक, आणि झेली तिथली शास्त्रज्ञ. एके काळी नावाजलेले शास्त्रज्ञ होते. आता त्यांचे निम्मे दिवस राजधानीच्या फेऱ्यांत जात.

"हे कोणी केलं?"

"बस आधी. सल्लागार समितीने."

"म्हणजे तेल कंपनीच्या माणसाने."

"आणि आमदारांनीही. झेली, तुझी भरती मोजायची यंत्रं कोणी दिली? कंपनीने. ती चालवायला पैसा कोण मंजूर करतं? आमदार. मी तुला खोटं लिही म्हणतोय का? किमान एक फूट, हे खरं की नाही?"

"खरं आहे. पण एका फुटावरच थांबण्याची शक्यता विसात एक आहे."

"'किमान' म्हटलंय ना? ज्याला कळायचं त्याला कळेल. अठ्ठावीस यंत्रं बंद पडली, तर पुढचा अहवाल काय ज्योतिष्याला विचारून लिहिणार आहेस?"

झेलीने ते वाक्य चार वेळा वाचलं. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. यंत्रं चालू राहिली, तर मोजणी चालू राहील. आज ना उद्या पूर्ण आकडा छापता येईल. असं स्वतःला समजावून तिने सही केली आणि दुपारी नेहमीसारखी जेवलीही. आपल्यापैकी किती जणांनी अशी सही केली असेल!

हे मार्चमधलं. नोव्हेंबरच्या एक तारखेला, सर्व संतांच्या दिवशी, ती गावी गेली. त्या दिवशी खाडीकाठचं सगळं गाव दफनभूमीत जमतं आणि आपापल्या माणसांच्या थडग्यांना चुना लावतं. तिथे थडगी जमिनीवर विटांनी बांधतात, कारण दोन हात खणलं की पाणी लागतं.

ओव्हिद काका बादलीत चुना कालवत होते. चाळीस वर्षं तेलविहिरींवर राबलेला माणूस. झेलीची आई गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं.

"आल्या आमच्या शास्त्रज्ञ बाई! ब्रश धरता येतो का अजून, की नुसती बटणं दाबता येतात?"

"तुमच्यापेक्षा सरळ लावते, काका. ओघळ बघा तुमचे."

"ओघळ तुझ्या काकूला आवडायचे. नवऱ्याच्या खोड्या काढायला निमित्त!" काका हसले. मग दफनभूमीभोवती घातलेल्या भिंतीच्या नव्या पायाकडे बोट दाखवून म्हणाले, "आता घोर मिटला बघ. ऑगस्टच्या सभेत सगळं ठरलं."

"काय ठरलं?"

"अगं, चर्चने उत्तरेला उंचावर जागा देऊ केली होती. सगळी थडगी तिकडे हलवायची. अर्धं गाव तयार झालं होतं. मी उभा राहिलो आणि तुझा अहवाल वाचून दाखवला. म्हटलं, आमच्या झेलीने मोजलंय, एक फूट! भोवती दीड फुटाची भिंत घालू. कशाला आपल्या माणसांची हाडं उकरायची? सगळ्यांनी हात वर केले. ती जागा मग दुसऱ्या गावाने घेतली."

झेलीचा ब्रश आईच्या नावावर थांबला.

"काका, त्यात 'किमान' लिहिलं होतं."

"म्हणून तर दीड घेतलं! अर्धा फूट वरचा ठेवला की."

"दोन फूट वाढणार आहे, काका. कदाचित अडीच."

काकांनी काठी बादलीत तशीच सोडली. "तुला हे कधी कळलं?"

"आधीपासून माहीत होतं. ती ओळ वरून खोडली. पण उरलेलं वाक्य खोटं नव्हतं, आणि यंत्रं बंद..."

"ऐक," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "विहिरीवर माझं काम काय होतं? वायूचा दाब वाचायचा. काटा हजारापासून अडीच हजारापर्यंत नाचतोय, आणि मी खाली काम करणाऱ्यांना ओरडून सांगतोय, 'किमान हजार!' खोटं आहे का? मग त्यांची प्रेतं घरी न्यायची आणि बायकांना सांगायचं, बाई, मी खोटं बोललो नाही!"

झेलीने ब्रश खाली ठेवला.

"काटा जिथवर जातो तिथवर सांगायचं, हे मला तेलवाल्यांनीच शिकवलं. त्यांच्या पगारावर तू शिकलीस, मी त्यांना शिव्या देणार नाही. पण त्यांच्या विहिरीवर त्यांना अख्खा आकडा लागतो, आणि आपल्या गावाला अर्धा पुरतो? मागच्या वादळात मादाम लेओनींच्या पोराची शवपेटी पुराच्या पाण्याने वाहत जाऊन उसाच्या शेतात सापडली होती. त्या बाईने माझ्यावर विसंबून हात वर केला, झेली! मी तुझ्यावर विसंबलो होतो."

त्या रविवारी प्रार्थनेनंतर झेली गावासमोर उभी राहिली. तिने मूळ परिच्छेद वाचला, छापलेली ओळ वाचली आणि सही आपलीच आहे हेही सांगितलं. मादाम लेओनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मग पोरी, आता त्याला कुठे नेऊ?"

तेवढ्यात ओव्हिद काका टोपी काढून उठले. "सभेत मी वाचून दाखवलं. मला माफ करा." ज्याची फसवणूक झाली होती, त्यानेच माफी मागितली! त्या क्षणी झेलीला जे वाटलं, ते कोणत्याही यंत्रावर मोजता आलं नसतं.

सोमवारी तिने दोन्ही मजकूर शेजारी शेजारी, स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले. आठवड्याभरात नोकरी गेली. हिवाळ्यात अकरा यंत्रं बंद झाली. रसेल यांची भीती पोकळ नव्हती. शेजारच्या तीन गावांनी मात्र आपापल्या दफनभूमीच्या भिंतींची कामं थांबवून उंच जागा शोधायला घेतल्या. झेलीच्या गावासाठी तशी जागा जवळपास उरली नव्हती.

मित्रहो, संशोधनात ढवळाढवळ करायला आकडे खोटे करावे लागत नाहीत. खऱ्यातला सोयीचा तुकडा ठेवला की काम भागतं, आणि तो तुकडा खपतो प्रामाणिक माणसाच्या नावावर. म्हणून आपलं नाव देण्याआधी एकदा विचारू या : हे वाचून, माझ्यावर विसंबून, कोण आपली माणसं कुठे ठेवणार आहे?